साधा स्विच काढून तिथे डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं बटण, बसवणं घरच्या घरी जमेल का? आणि त्याने वीज वाचते का?

जमेल. ज्याला स्विच बदलता येतो त्याला डिमरही बसवता येतो. दोन वायरी जुन्या स्विचमधून काढायच्या आणि डिमरला लावायच्या. "हे आपलं काम नव्हे" असं कुणी सुनावलंय म्हणून विचारत असाल तर माझं ऐका, कारण मी ते वाक्य माझ्या थोरल्या भावाकडून दोन वर्षं ऐकलंय.

आईच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक एलईडी दिवा आहे. रात्री उठताना तो लावला की तिचे डोळे दिपायचे, मिनिटभर काही दिसायचं नाही. म्हणून मी तिथे डिमर लावायचं ठरवलं. दादा म्हणाला, पंख्याचा जुना रेग्युलेटर पडलाय तो लाव, नाहीतर वायरमनला बोलव. रेग्युलेटर लावायचा नाहीच. आजकालच्या पायरी-पायरीच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी. एलईडीला त्यांचा काही उपयोग नाही.

प्लेट उघडली आणि वायरी ओळखायला टेस्टर लावला. स्विच चालू, दिवा लख्ख लागलेला, आणि स्विचच्या दोन्ही स्क्रूंवर टेस्टर विझलेला. दादा म्हणाला टेस्टर बिघडलाय. शेजारच्या सॉकेटमध्ये घातला तर झक्क पेटला. मग स्विच बंद केला, तेव्हा दिव्याकडे जाणाऱ्या वायरीच्या स्क्रूवर टेस्टर लागला. म्हणजे स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या जिवंत वायरीवर) नव्हताच, न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) होता. दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. आणि आई दर आठवड्याला स्विच बंद करून त्याच होल्डरवरची जाळी ओल्या फडक्याने पुसायची! ती जोडणी दादाच्या भरवशाच्या वायरमनने केलेली होती, "पक्कं काम" म्हणून. मी स्विच बदलायला गेले नसते तर ते कधी कळलंच नसतं.

फेज-न्यूट्रलची ती अदलाबदल मात्र मी केली नाही, जंक्शन बॉक्सपर्यंत, म्हणजे वायरी जिथे जोडतात त्या डबीपर्यंत, जायचं होतं. त्यासाठी परवाना असलेला दुसरा वायरमन बोलावला. डिमर मीच बसवला.

बसवला आणि अर्ध्याच्या खाली आणला की दिवा लुकलुकायला लागला. दादाला तेवढंच हवं होतं. "सांगितलं होतं ना, जोडणी ढिली असणार." मी स्क्रू पुन्हा आवळले, फरक नाही. शेवटी अडगळीतून जुना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब काढला आणि लावला. बटण फिरवत गेले तसा तांबूस निखाऱ्यासारखा होता तो सावकाश पिवळा, मग पांढरट होत गेला. एकदाही थरथरला नाही. जोडणी बरोबर होती, बल्ब चुकीचा होता. दादा त्यावर काही बोलला नाही, पण "डिमर हे खूळच आहे" हे त्याचं अजून चालूच असतं.

कारण सांगते. बहुतेक स्वस्त डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. ५० हर्ट्झच्या विजेत तो सेकंदाला १०० वेळा प्रवाह उशिरा सुरू करतो, जितका उशीर तितका उजेड कमी. चालू राहायला त्याला थोडा तरी प्रवाह सलग लागतो. ९ वॅटचा एलईडी तेवढा ओढत नाही, म्हणून तो मध्येच सुटतो. त्यात साध्या एलईडीच्या आतलं सर्किट उजेड एकसारखा ठेवायला धडपडत असतं, म्हणजे डिमरच्या बरोबर उलट. म्हणून बल्बच्या खोक्यावर "डिमेबल" लिहिलेलं हवं, आणि डिमर एलईडीसाठीचा, शक्यतो ट्रेलिंग एज प्रकारचा (तो प्रवाह उशिरा सुरू करण्याऐवजी लवकर तोडतो). डिमरवर ४०० वॅट छापलंय म्हणून खूश होऊ नका, तो आकडा फिलामेंट बल्बचा असतो. एलईडीसाठी बराच कमी धरतात, तो शोधून वाचा.

बचतीचं विचारलंत. एलईडी मंद केला तर वीज कमी लागते, पण ९ वॅटमधून वाचवणार किती? फिलामेंटचा बल्ब मंद केला तर उजेड झपाट्याने उतरतो आणि वीज त्या मानाने फार कमी होत नाही. डिमर डोळ्यांसाठी बसवा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: एमसीबी (मेन बोर्डवरचा त्या लाइनचा स्विच) पाडूनच हात घाला. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग वायरीवर, मग पुन्हा सॉकेटवर. जिन्यासारखा एक दिवा दोन ठिकाणांहून लागत असेल तर टू-वे डिमर लागतो, तोही एकाच टोकाला. चोकवाल्या ट्यूबला किंवा पंख्याला लावू नका. वायरी करपलेल्या दिसल्या, किंवा माझ्यासारखं न्यूट्रलवर स्विच निघालं, तर तिथेच थांबा आणि वायरमन बोलवा. त्यात कमीपणा नाही.

तो ६० वॅटचा बल्ब मी जपून ठेवलाय. तुमचाही दिवा लुकलुकला तर आधी तसा एक लावून बघा, आणि मगच ज्याने डिमर बसवला त्याला बोल लावा.