पबमधली व्याख्यानं: बिनपगारी जबाबदारी घ्यावी का?

प्रश्न: मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे विज्ञान-संवादाच्या क्षेत्रात काम करायचं आहे. एका उपक्रमात पबमधल्या तीन संध्याकाळच्या जाहीर व्याख्यानांची व्यवस्था माझ्याकडे येते आहे. मानधन नाही. आई-बाबा म्हणतात, वेळ वाया जाईल. काय करू?

उत्तर: जबाबदारी जरूर घे, पण हॉल, वक्ते आणि वेळापत्रक यांचे निर्णय तुझ्याकडे असतील तरच. नुसत्या खुर्च्या मांडायच्या असतील तर आई-बाबांचं बरोबर आहे. हा प्रकार आता नवखा राहिलेला नाही. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये १९९८ साली कॅफे सायंटिफिक, म्हणजे कॅफेत बसून विज्ञानावर गप्पा, हा उपक्रम सुरू झाला, २०१३ पासून ब्रिटनमधून पाइंट ऑफ सायन्स हा पबमधल्या विज्ञान-व्याख्यानांचा महोत्सव अनेक देशांत पसरला. त्यामुळे या क्षेत्रात नोकरी देणाऱ्यांना हे काम समजावून सांगावं लागत नाही.

पहिला निर्णय जागेचा, आणि बरेच कार्यक्रम इथेच फसतात. सजावट बघू नकोस, आवाज ऐक. ज्या वारी, ज्या वेळी कार्यक्रम आहे, त्याच वारी त्याच वेळी जाऊन अर्धा तास बस. बर्फाचं मशीन, ब्लेंडर, शेजारच्या टीव्हीवरची मॅच हे सगळं दुपारी गप्प असतं. दार बंद होणारी वेगळी खोली मिळाली तर उत्तम. सोमवार ते बुधवार गल्ला कमी असतो, त्यामुळे मालक बहुधा खोली फुकट देतो. मात्र किमान विक्रीची अट आहे का, किती माणसांची परवानगी आहे, वयाची मर्यादा काय, हे ईमेलवर लिहून घे. तोंडी ‘हो’ देणारा मॅनेजर ऐनवेळी सुट्टीवर असतो.

ध्वनिव्यवस्थेत कॉलर माइक टाळ. वक्ता पडद्याकडे वळला की आवाज पडतो, आणि आवाज वाढवला की शिट्टी वाजते. गजबजाटात हातातला माइक बरा, हनुवटीजवळ धरलेला. वक्ता स्पीकरच्या पुढे नको, मागे उभा राहू दे. श्रोत्याचा प्रश्न माइकवर पुन्हा सांगायची सवय वक्त्याला आधीच लाव, नाहीतर मागच्या टेबलांना नुसतं उत्तर ऐकू येतं. लॅपटॉपचे दोन-तीन प्रकारचे अडॅप्टर, लांब एक्स्टेन्शन, वायर जमिनीला चिकटवायची टेप आणि पेन ड्राइव्हवर सादरीकरणाची प्रत, एवढं सोबत हवंच.

वेळेचं गणित असं: ७ ला दार, ७.३० ला सुरुवात, २० मिनिटं बोलणं, १० मिनिटं प्रश्न, मग २० मिनिटं मध्यंतर, नंतर दुसरा वक्ता. मध्यंतर पाच मिनिटांवर आणायचा मोह होईल. तसं केलंस तर बारवरची रांग संपत नाही, दुसरं व्याख्यान ग्लासांच्या खणखणाटात सुरू होतं आणि मालक पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

वक्त्यांची तालीम दहा दिवस आधी घे, विषय न शिकलेल्या मित्राला समोर बसवून. जास्तीत जास्त दहा स्लाइड, मोठा टाइप, पडद्याच्या खालच्या भागात मजकूर नको. पुढच्यांची डोकी मध्ये येतात. एक राखीव वक्ता ठेव. नोंदणी मोफत असेल तर बरेच जण फिरकत नाहीत, म्हणून क्षमतेपेक्षा थोडी जास्त नावं घे किंवा नाममात्र तिकीट ठेव. जास्त नावं घेतलीस तर ऐनवेळी जागा भरल्यावर दार बंद करायचं धैर्यही ठेव. दारावर, माइक फिरवायला, लॅपटॉपवर आणि घड्याळावर प्रत्येकी एक असे चार जण पुरतात.

खर्चाची परतफेड कोण करणार आणि विमा कोणाच्या नावावर आहे, हे स्वीकारण्यापूर्वीच विचार. परीक्षेच्या आठवड्याशी तारखा भिडत असतील तर या वर्षी सहाय्यक म्हणून राहा.

आता बायोडेटाचं. ‘आयोजनात सहभाग’ या ओळीला किंमत नाही. नोंदणी किती, प्रत्यक्ष हजर किती, खर्च किती, वक्ते किती, हे त्याच रात्री लिहून ठेव आणि बाहेर पडताना श्रोत्यांकडून दोन प्रश्नांचा कागद भरून घे. संग्रहालयं, विद्यापीठांचे जनसंपर्क विभाग, विज्ञान प्रकाशनं इथल्या मुलाखतींत नेमकं हेच विचारतात: गर्दी कमी आली तेव्हा काय केलंस? शिफारसपत्र वक्त्याकडून आठवडाभरात माग, त्याला तुझं नाव आठवतंय तोवर.