वर्डमधला मजकूर एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये कसा न्यायचा? कंप्युटर नवीन आहे, क्लास लावू का?

क्लासबिस नका लावू ताई. तुम्हाला बचत गटाचे जुने ठराव नव्या अहवालात टाकायचेत एवढंच ना, आणि मुलगा शिकवायला बसला की दोन मिनिटांत माऊस हिसकावून घेतो म्हणताय. आमच्याकडे पण तेच. भाचा गणपतीला मुंबईहून आला होता, "सोप्पंय गं मावशी" म्हणत त्याने एवढ्या फास्ट करून दाखवलं की मला नुसती त्याची बोटं दिसली. शेवटी त्याला म्हटलं, हात पाठीमागे घे, तोंडाने सांग, मी करते. तेव्हा कुठे आलं.

मी रत्नागिरीजवळच्या गावात असते, आमच्या गटाचं कोकम सरबताचं काम, कागदपत्रं सगळी माझ्याकडे.

आता मजकूर निवडायचा कसा. माऊस दाबून खाली ओढत गेलं की पान असं पळत सुटतं की नको तेवढं सगळं निवडलं जातं. त्यापेक्षा सुरुवातीला एकदा क्लिक करा, चाकाने आरामात खाली जा आणि जिथे संपवायचंय तिथे शिफ्ट दाबून धरून क्लिक करा. मग कंट्रोल सी, म्हणजे कंट्रोलचं बटण दाबून धरून सी दाबा, मजकुराची नक्कल (कॉपी) उचलली जाते. इथे स्क्रीनवर काहीच हलत नाही हां, मी घाबरून चार-चार वेळा दाबायचे, पण ते झालेलं असतं. दुसरी फाईल उघडा, जिथे हवंय तिथे क्लिक, कंट्रोल व्ही, की तो तिथे चिकटतो (पेस्ट). चुकलं तर कंट्रोल झेड.

कंट्रोल एक्सला (कट) मात्र सध्या हात लावू नका, तो मजकूर जुन्या जागेवरून काढूनच घेतो. जुलैतली गोष्ट, बाहेर धो धो पाऊस, मी तीन पानांचे ठराव एक्स करून उचलले आणि सवयीने जुनी फाईल सेव्ह पण केली, आता नवीन फाईल उघडणार तोच लाईट गेली. इन्व्हर्टर पंख्याला होता, कंप्युटरला नव्हता! उचललेला मजकूर कंप्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज गेली की तोही गेला, म्हणजे जुन्या फाईलमध्ये नाही आणि नव्यात पण नाही. सगळं परत वहीतून बघून टाईप केलं, दोन दुपारी गेल्या. एक्स म्हणजे भाताची लावणी, तरवा उपटला की तो चिखलात रोवेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. सी म्हणजे कलम, काडी घेतली तरी मूळ झाड जागेवर. तेव्हा सी करा, नवीन फाईल सेव्ह करा, आणि मग जुन्यातलं हवं तर पुसा.

अजून एक, नेटवरून वगैरे काही उचललं की अक्षराचा साईझ आणि रंग पण सोबत येतो. वर्डमध्ये राईट क्लिक केलं की पेस्टची छोटी चित्रं दिसतात, त्यातलं ए अक्षरवालं दाबा, नुसता मजकूर येतो. किंवा आधी नोटपॅडमध्ये टाका आणि तिथून परत उचला, मी अजून तेच करते.

आणि हो, एका वेळी एकच मजकूर लक्षात राहतो, दुसरा उचलला की पहिला गेला. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून बघा, पहिल्यांदा चालू करायचं का विचारतं, हो म्हणा, मग शेवटचे २५ तुकडे तिथे दिसतात. (हे कट-कॉपी-पेस्ट लॅरी टेस्लर म्हणून एक जण होता, त्याने १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बसवलं. त्याआधी खरोखर कात्रीने कागद कापून चिकटवायचे. २०२० मध्ये गेला तो.)

तुमचे जुने ठराव टायपिंगच्या दुकानातून करून घेतलेले असतील तर आधी फॉन्टचं नाव बघा. श्रीलिपी किंवा कृतीदेव असेल तर मेलमध्ये पेस्ट केल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तुमचं काही चुकलेलं नसतं, त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता मराठीचा मुखवटा. असं असलं तर फाईल युनिकोडमध्ये (म्हणजे आतून पण मराठीच अक्षरं) करून मागा, मंगल फॉन्टमध्ये द्या म्हटलं की दुकानवाल्याला कळतं. आमच्या इथल्याने आधी जास्तीचे पैसे मागितले होते, मी सरबताची बाटली दिली.