बँक पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे परिवीक्षाधीन अधिकारी) ऑनलाइन परीक्षेत वेळ संपत आली की उरलेल्या प्रश्नांची अंदाजे उत्तरं द्यावीत का?

सरसकट नको, पण निदान एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर जरूर द्या. आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पीओ पूर्व परीक्षेत 5 पर्याय असतात आणि उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. म्हणजे डोळे मिटून 5 प्रश्न टिपले तर सरासरी एक बरोबर, चार चूक. प्रश्नाला एक गुण धरला, तर एक आला, एक गेला. दोन पर्याय खोडता आले तर मात्र प्रश्न सोडूच नका: तिनांत एक बरोबर, दोन चूक, अर्धा गुण पदरात. गणितात 35 प्रश्नांना 20 मिनिटं, प्रश्नामागे जेमतेम 34 सेकंद. तेव्हा आधी शेवटचा अंक बघा: 48 × 37 चं उत्तर 6 नेच संपणार, बाकीचे पर्याय लगेच बाद. आणि कृपया हे विसरू नका: पर्याय निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता थेट दुसऱ्या प्रश्नक्रमांकावर क्लिक केलं, तर उत्तर नोंदलंच जात नाही. खासगी कंपन्यांच्या काही चाचण्यांत गुण कापत नाहीत. सूचनांत तसं स्पष्ट लिहिलं असेल तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका.