जुलैत बैठका शून्य, म्हणजे काम शून्य?

स्वयंसेवी संस्थांतल्या मनुष्यबळाबद्दल माझ्याकडे येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत, फक्त तालुका बदलतो. म्हणून या वेळी पाच जणांना एकदमच उत्तरं देतोय.

प्रश्न (कागल) : आमच्याकडे 8 कर्मचारी आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते का?

सक्ती 10 पासून आहे. त्याखाली असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे ऑफिसच्या भिंतीवर लावा.

प्रश्न (गडहिंग्लज) : आम्ही 23 जणांना दरमहा 'मानधन' देतो. मानधन लिहिलं की पीएफ लागत नाही, असं एका सल्लागाराने सांगितलं.

रोज हजेरी घेता, रजा मंजूर करता, महिन्याला ठरलेली रक्कम देता. व्हाउचरवर काहीही लिहा, तो पगारच. पीएफ 20 जणांपासून लागू होतो आणि 'आम्ही धर्मादाय आहोत' ही सबब तिथे चालत नाही. असलेच सल्लागार मनुष्यबळ धोरणाची तयार पुस्तिकाही गळ्यात मारतात. एका संस्थेने विकत घेतलेल्या पुस्तिकेत रात्रपाळीवाल्यांना कॅबने घरी सोडण्याचा नियम होता. संस्थेचं वाहन म्हणजे एक जुनी स्प्लेंडर! तुमची थकबाकी किती निघेल ते पत्रावरून सांगता येणार नाही. हजेरीपुस्तक घेऊन पीएफचं काम जाणणाऱ्या माणसाला भेटा, याच महिन्यात.

प्रश्न (शिरोळ) : आमच्या कार्यकर्तीला वर्षाला 48 महिला बैठकांचं उद्दिष्ट होतं, महिन्याला 4. जुलैत तिने एकही घेतली नाही, ऑगस्टमध्ये एकच. पगारवाढ रोखावी का?

रोखू नका. आणि आधी मला सांगा, 48 भागिले 12 हे गणित कुणी केलं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फुटांना गेली की इशारा, 43 ला धोका. पाणी तिथवर आलं की शिरोळमधली माणसं जनावरांसकट गाव सोडतात. 2019 आणि 2021 तुम्हीही पाहिलंय. अशा वेळी बैठक कुणाची घ्यायची? उसाचा हंगाम सुरू झाला की बायका जनावरांसाठी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला उसाच्या फडात. त्या दिवसांत दुपारी तीनची बैठक ठेवणाऱ्याने एकदा स्वतः जाऊन बसावं.

अशाच एका कार्यकर्तीची पुराच्या महिन्यातली डायरी मी पाहिली आहे. बैठकांचा रकाना कोरा. मागच्या पानावर 11 कुटुंबांची नावं, कुणाची किती जनावरं, कोण कुठल्या शाळेत उतरलंय, कोण गरोदर, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. अहवालात याला रकानाच नव्हता, म्हणून तिला शेरा मिळाला 'असमाधानकारक'. दुसऱ्या एकाने पुराच्या महिन्यातही उद्दिष्ट गाठलं होतं. त्याच्या हजेरीपत्रकावर 22 सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. चूक मी त्याची मानत नाही. तुम्ही आकडा मागितलात, त्याने आकडा दिला.

उद्दिष्ट एप्रिलमध्ये कार्यकर्तीला शेजारी बसवून ठरवा. पूर, पेरणी, भांगलण, हंगाम, गावच्या जत्रा कॅलेंडरवर मांडा, मग उरलेल्या महिन्यांत बैठका वाटा. पुराच्या महिन्यांचं काम वेगळं लिहा आणि तेही मोजा. बैठका किती झाल्या याबरोबर त्यातून काय निघालं तेही विचारा : किती जणींचे दाखले निघाले, किती जणी ग्रामसभेत बोलल्या. तिमाहीला अर्धा तास बसून बोललात तर वर्षअखेरीचा शेरा कुणाला धक्का देत नाही. मूल्यमापनाचं महागडं सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पगारवाढीबद्दल नियुक्तिपत्रात काय लिहिलंय ते मात्र कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर शहर) : परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च 20 टक्केच करता येतो. म्हणून 5 माणसं कमी करावीत का?

परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांची मर्यादा 20 वर आणली, हे खरं. पण प्रत्येक पगार प्रशासकीय नसतो. दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार हा थेट कामाचा खर्च. तुमच्या पाचांचं काम कागदावर काय आहे ते सीएसमोर ठेवा, मगच माणसांना हात लावा.

प्रश्न (आजरा) : प्रकल्प 31 मार्चला संपतोय. निधी देणाऱ्यांचं उत्तर अजून नाही. 6 जणांना कधी सांगावं?

आजच. 'मंजुरी येईलच' म्हणत 30 मार्चपर्यंत ताणणारे विश्वस्त मी पुष्कळ पाहिलेत, स्वतःच्या घराचे हप्ते मात्र ते असे अधांतरी ठेवत नाहीत. अनिश्चितता आहे तशी लेखी कळवा. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांचा जुना हिशेब धरून बसू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तिच्यात मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळते. तुमचे करार त्यात बसतात का, हे वकिलाला विचारा. अनुभवाचे दाखले मात्र या आठवड्यातच द्या. एका मुलाला त्याचा दाखला जूनमध्ये मिळाला. ज्या नोकरीसाठी हवा होता, ती मे महिन्यातच भरली होती.