कलम कोणतं, दार कोणतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यात मराठवाड्यातून आलेली बरीच पत्रं संविधानाच्या तिसऱ्या भागाबद्दल, म्हणजे मूलभूत हक्कांबद्दल (कलम १२ ते ३५), आणि चौथ्या भागातल्या मार्गदर्शक तत्त्वांबद्दल (कलम ३६ ते ५१) आहेत. त्यातल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

मार्गदर्शक तत्त्वं कोर्टात मागता येत नाहीत, असं पुस्तकात आहे. मग सरकारवर त्यांचं बंधन ते काय?
(विद्यार्थिनी, परभणी)

कलम ३७ मध्ये दोन गोष्टी आहेत आणि परीक्षेसाठी बहुतेक जण पहिलीच पाठ करतात. या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही, ही पहिली. राज्यकारभारासाठी ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, ही दुसरी. दुसरीचा अर्थ मराठवाड्याला वेगळा समजावून सांगायला नको. कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचं तत्त्व आहे. नुसतं ते कलम दाखवून कुणाला काम मिळालं नसतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये राज्याने कायदा केला आणि काम मागणं हा हक्क झाला. कलम ३९-क मधल्या मोफत कायदेशीर मदतीवर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा उभा आहे. मुलांच्या शिक्षणाचं तत्त्व कलम ४५ मध्ये होतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयासाठी ते २१-क मध्ये गेलं आणि मूलभूत हक्क झालं.

तेव्हा एखादं तत्त्व समोर आलं की आधी त्यावर कायदा झालाय का ते शोधायचं. कायदा असेल तर त्याच्या कलमाखाली अर्ज करायचा. तत्त्वाचा उल्लेख अर्जात शेवटी एका ओळीत केला तरी पुरतो.

आम्ही ऊसतोडीला जातो. दाखला नाही म्हणून कारखान्याजवळची शाळा मुलाला घेत नाही. इकडे गावात गैरहजर म्हणून नाव कमी करू म्हणतात. मुलगी चार वर्षांची आहे, तिचं काय?
(ऊसतोड कामगार, धारूर तालुका, बीड)

दोन्ही शाळा चुकीचं सांगताहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही (कलम १४) किंवा वर्ष अर्धं सरलं (कलम १५), हीसुद्धा नकाराची कारणं होत नाहीत. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६). आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे कलम ९ चा खंड ‘ट’: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची (जिल्हा परिषद, नगरपालिका वगैरेंची) आहे. कायदा केंद्राचा असल्याने कारखाना कर्नाटकात असला तरी हीच कलमं चालतात.

करायचं असं. टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) कागद ओला व्हायला एक रात्र पुरते. तिकडच्या शाळेने नाही म्हटलं तर तोंडी वाद घालू नका. अर्धं पान पुरेल: मुलाचं नाव, वय, कोणत्या तारखेला कोणत्या शाळेत गेलो, काय कारण सांगितलं. एक प्रत शाळेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि तिसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून ती आपल्याजवळ. याच कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यापुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मात्र तीन महिन्यांत निम्मा हंगाम सरतो. म्हणून लेखी तक्रारीबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटणं सोडू नका. मुलाला गावीच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, इतिवृत्तात लिहून घेऊन, निघण्याच्या आधीच करा. दिवाळीनंतर मागितलेलं वसतिगृह बहुधा सुरू होता होता हंगाम संपतो.

मुलगी चार वर्षांची असल्याने २१-क तिला लागू नाही. तिच्यासाठी आताचं कलम ४५, म्हणजे तत्त्वच आहे. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क दिला आहे. तो कारखान्याजवळच्या अंगणवाडीत मागा.

१९७२ च्या दुष्काळात आजोबांच्या शेतात पाझर तलाव झाला. सातबारा अजून आमच्या नावावर, मोबदला एक रुपया नाही. मालमत्तेचा मूलभूत हक्क सांगून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल का?
(शेतकरी, औसा तालुका, लातूर)

नाही. जमीन गेली तेव्हा मालमत्ता मूलभूत हक्कांत होती, पण ४४ व्या घटनादुरुस्तीने २० जून १९७९ पासून ती तिथून निघाली. आता ती कलम ३००-क मध्ये आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. हा घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नाही. म्हणून संविधानाच्या कलम ३२ चं, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचं दार बंद, कलम २२६ चं, म्हणजे उच्च न्यायालयाचं उघडं. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात रिट याचिका करता येते.

उशीर झाला म्हणून सगळं संपलं, असं समजू नका. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोबदला द्यायला लावला. तोंडी संमती होती, इतक्या वर्षांच्या ताब्याने जमीन आमचीच झाली, फार उशीर झाला, ही सरकारची तिन्ही म्हणणी फेटाळली गेली. तरी प्रत्येक प्रकरण त्याच्या कागदांवर चालतं, आणि दावे तिथेच कोसळतात.

पहिली तपासणी ही की त्या काळी निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) होऊन रक्कम कुणी उचलली आहे का. भावकीतल्या कुणी सही करून पैसे घेतलेले असले तर पुढची सगळी मांडणी बदलते. माहिती अधिकारात तीन कागद मागा: तलावाची प्रशासकीय मान्यता, भूसंपादन प्रस्ताव व निवाडा, आणि संमतीपत्र असल्यास त्याची प्रत. उपविभागीय अधिकाऱ्यांचं भूसंपादन कार्यालय आणि जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, दोन्हीकडे वेगळे अर्ज. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे आणि यावरून अर्ज परत येतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर ते फेकू नका. निवाडा झाल्याचा कागद सरकारकडेच नाही, हे त्यातून दिसतं.

तुमच्या बाजूने १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, तेव्हापासूनचे सातबारे, फेरफार आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागेल. मोजणीत पाण्याखालचं क्षेत्र आणि भिंतीखालचं क्षेत्र वेगळं दाखवून घ्या, नाहीतर भिंतीपुरताच मोबदला बसतो.

पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने निवाडा झाला आणि रक्कम कमी वाटली, तर पावतीवर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहूनच पैसे घ्या. न लिहिता घेतले तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. त्या अर्जाची मुदत निवाड्याच्या वेळी हजर असाल तर फक्त सहा आठवडे आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. त्याच यादीत पूर, दुष्काळ आणि भूकंपाची झळ बसलेलेही आहेत, आणि आपल्याकडे हे फार कमी जणांना ठाऊक असतं. याबद्दल काही विचारायचं असेल तर विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन करता येतो.

कलम ४७ मध्ये दारूबंदी आहे. मग गावातलं देशी दारूचं दुकान कलेक्टर बंद का करत नाहीत?
(महिला बचत गट, मुखेड तालुका, नांदेड)

कलम ४७ तत्त्व आहे, त्यावरून दुकान बंद होत नाही. पण दारू विकण्याचा मूलभूत हक्क दुकानदारालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. तुमचा मार्ग मतदानाचा आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं, सह्यांची पडताळणी होते आणि मग उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद) यावर गुप्त मतदान.

हरण्याचं कारण बहुतेक वेळा गणितात असतं. आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त नव्हे, यादीतल्या *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत १,२०० बाया असतील तर सह्या ३०० आणि मतं ६०१. आठशे जणी आल्या आणि ५८० जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहतं. म्हणून निवेदनाच्या आधी मतदार यादी घेऊन बसा. वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या नावांवर हरकती घेऊन ती कमी करा. मतदान ऊसतोडीच्या हंगामात लागू देऊ नका, निम्मा तांडा बाहेर असतो. आणि हातभट्टीसाठी मतदानाची गरजच नाही. ती मुळातच गुन्हा आहे, तिची तक्रार पोलीस ठाणे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग दोन्हीकडे लेखी करा.

मराठवाडा वैधानिक विकास मंडळ हा आमचा घटनात्मक हक्क आहे ना?
(निवृत्त शिक्षक, जालना)

हक्क म्हणता येणार नाही. कलम ३७१(२) राष्ट्रपतींना अशा विकास मंडळांसाठी आदेश काढण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. १ मे १९९४ ला आलेल्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि त्यावरून कुणाही नागरिकाला व्यक्तिगत दावा मिळत नाही. खरा आधार कलम ३८(२) मध्ये आहे: वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकसमूहांमधली विषमता कमी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. तेही तत्त्वच. आमच्या मते ही लढाई विधिमंडळात लढायची आहे, याचिकेवर भिस्त ठेवू नये. आपल्या तालुक्यातल्या एका सिंचन प्रकल्पाची मूळ मान्यता, सुधारित किंमत, दरवर्षी झालेली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च माहिती अधिकारात मिळवा आणि तो तक्ता अधिवेशनाच्या पुरेसा आधी आमदारांच्या हाती द्या, म्हणजे तारांकित प्रश्न मुदतीत दाखल होईल.