तुम्ही विचारा : कॅन्सर, थकवा आणि व्यायाम

कॅन्सरच्या उपचारांदरम्यान आणि नंतरच्या व्यायामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं फिजिओथेरपीच्या अंगाने दिली आहेत. औषधांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरसाठी दर २१ दिवसांनी केमो चालू आहे, चार झाल्या. दिवसभर पडून असतात तरी थकवा जात नाही. येणारा-जाणारा 'आराम करा' म्हणून सांगतो. चालवलं तर चालेल का? चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.
— एक सूनबाई, लालबाग

चालवाच. केमोचा थकवा झोपून भरून निघत नाही. आठ-दहा दिवस पडून राहिलं की मांड्या झडतात, मग गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणंही जड होतं आणि माणूस आणखी पडून राहतो. फक्त आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलंय ना, ते बघा. मूळ तिथे असेल तर नुसतं चालून भागणार नाही.

केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस गॅलरीतच पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग दहा मिनिटं दोनदा. पुढच्या केमोपर्यंत पंधरावर जाता आलं तर उत्तम. नवी केमो झाली की पुन्हा पाचवर यायचं. त्यात मागे पडण्यासारखं काही नाही, या दुखण्याचा हिशेबच तसा आहे. वेग असा हवा की चालता चालता बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

घरोघर होणारी चूक म्हणजे बरं वाटलं त्या दिवशी बाजार, देवळात जाणं, पाहुणे, सगळं एकदम उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे. अजून थोडं जमलं असतं असं वाटतं तिथेच थांबवा.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते. हात न टेकता ८ वेळा उठबस, दोन मिनिटं दम, पुन्हा ८. उठता येत नसेल तर बैठकीवर जाड घडी घातलेली चादर ठेवा. बैठक चार बोटं उंच झाली की बहुतेकांना जमतं. मग कठडा धरून १० वेळा टाचा उचलायच्या. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी २०१९ साली आठवड्याला तीन दिवस ३० मिनिटं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम एवढं माप सांगितलं आहे. तिथवर पोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही.

जिन्याचं म्हणाल तर चढताना दम लागतो, पण माणूस पडतो तो उतरताना. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाने तळपाय बधिर होतात आणि पायरीची कड कळत नाही. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी, आणि सोबतचं माणूस उतरताना एक पायरी पुढे.

ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर व्यायाम सोडाच, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर ताकदीचा व्यायाम बंद. २०,००० च्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. छातीत दुखलं, पायावर सूज आली किंवा नेहमीच्या चालण्यालाच धाप लागली तर थांबा आणि कळवा, कारण केमोची काही औषधं हृदयावर परिणाम करतात.

वय ४६. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन. आता तोंडात दोन बोटंही जेमतेम जातात आणि उजवा खांदा खाली आलाय. नोकरीवर जायचं आहे.
— एक वाचक, भांडुप

तोंड आधी. पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर ते आखडलेलं तोंड. आइस्क्रीमच्या स्वच्छ, सपाट काड्या घ्या. ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्या काड्यांची चळत दातांमध्ये ठेवा आणि ३० सेकंद थांबा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. तेवढ्या सहज बसू लागल्या की चळतीच्या मधोमध एक काडी सरकवा. ती वरून किंवा खालून घुसवली तर हिरडीला लागते. चळत हलणाऱ्या दातावर नको, दाढांच्या बाजूला ठेवा. जबड्याचं हाड कापून धातूची पट्टी बसवली असेल तर सर्जनने हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका. रेडिएशननंतर स्नायू पुढे महिनोन्‌महिने आवळत राहतात, म्हणून आठवडाभर सुटलं तरी कमावलेले मिलिमीटर जातात. माप दर रविवारी घ्या. रोज घेऊन हिरमोड होतो.

खांद्याचं कारण वेगळं. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस ताणली जाते, कधी कापावी लागते. नस शाबूत असेल तर सुधारायला सहा महिने ते वर्ष धरा. तोवर बसताना हाताखाली उशी. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरा, चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्या, १० वेळा, दोनदा. मग बसून खांद्याची पाती मागे ओढून पाच सेकंद धरायची. हात बाजूने खांद्याच्या वर उचलण्याचा अट्टहास नको. पातं साथ देत नाही आणि कळ तिथेच उठते. लोकलमध्ये वरची कडी डाव्या हाताने धरा. उजव्या खांद्यावर बॅग नाही.

काखेतल्या गाठी काढल्यात. हाताला थोडी सूज आहे. 'त्या हाताने तांब्यासुद्धा उचलू नकोस' असं सांगतात.
— बोरिवली

हा सल्ला आता मागे पडला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातावर सूज असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, सूज वाढली नाही. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करा, १० वेळा. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही तरच पुढे. व्यायामाच्या वेळी सुजेवर दाब देणारी घट्ट बाही (कॉम्प्रेशन स्लीव्ह) घाला. पाण्याने भरलेली बादली एकदम मात्र नको. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आतड्याचा कॅन्सर, केमो संपली. व्यायामाने तो परत यायचा टळतो का?
— दादर

हमी नाही, पण पुरावा आहे. २०२५ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण होते, सगळे केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जिवंत असलेले व्यायामवाल्यांत शंभरात ८०, दुसऱ्यांत ७४. त्यांना दिलेलं माप म्हणजे ढोबळमानाने आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे; आज एक फेरी, दोन आठवड्यांनी दीड. पोटावर शौचाची पिशवी (स्टोमा) असेल तर आधी त्याची काळजी घेणाऱ्या स्टोमा नर्सकडून आधाराचा पट्टा बसवून घ्या आणि जोर लावून करायचे पोटाचे व्यायाम टाळा, तिथे हर्निया होतो.