रेझ्युमेत काय ठेवू, काय काढू? वाचकांचे प्रश्न

आयटीतल्या नोकऱ्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर निम्म्याहून जास्त मेल रेझ्युमेवरच आले. त्यातले पाच घेतलेत. आधीच सांगते, मी एचआरमधली नाही, डेव्हलपर आहे आणि पॅनेलवर बसून इंटरव्ह्यू घेते, त्यामुळे रेझ्युमेतली ओळ वाचून पुढचा प्रश्न ठरवणाऱ्याच्या बाजूने मी बोलणार. ज्या ओळीवर मला काही विचारावंसंच वाटत नाही ती ओळ तुमच्या कामाची नाही, आणि ज्या ओळीवर मी विचारलं तर तुम्हाला घाम फुटेल ती तर त्याहून नाही.

प्रश्न : मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारामतीजवळच्या गावातून कॉलेजला येतो. अनुभव शून्य. प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, ती पण चौघांत मिळून आणि खरं सांगायचं तर सीनियरचीच थोडी बदलून घेतली. बाकी गावातल्या दूध संकलन केंद्रावर मी संध्याकाळी बसतो, तिथे बिलासाठी एक्सेलची शीट बनवून दिलीय, पण ते काय रेझ्युमेत लिहायचं नसतं ना? मग एक पान भरू कशाने?

अरे बाबा, जे लिहायचं नसतं म्हणतोयस तेच तर लिहायचंय. लायब्ररी मॅनेजमेंटचं काय आहे, आपल्या कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत जेवढी पुस्तकं नसतील तेवढ्या या सिस्टीम पोरांच्या रेझ्युमेत आहेत, आणि 'एकाच पुस्तकावर दोघांनी एकदम क्लिक केलं तर काय होतं' एवढं विचारलं की पोरगं शेजारच्याकडे बघायला लागतं.

आता तुझ्या शीटकडे बघ. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या वर-खाली गेलं की दर बदलतो, म्हणजे तुझ्याकडे दरपत्रकाचा एक तक्ता असणार, आडवं एसएनएफ आणि उभं फॅट. सकाळ-संध्याकाळ दोन वेळच्या नोंदी, प्रत्येक सभासदाचं दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची उधारी वजा, मधेच संघाने दर बदलला तर जुनी बिलं जुन्या दराने आणि नवीन नव्याने. हे सगळं तू सांभाळतोयस आणि अनुभव शून्य म्हणतोस! दर बदलला तेव्हा जुन्या नोंदींचं काय केलंस, या एकाच प्रश्नावर माझा अख्खा इंटरव्ह्यू निघेल, कारण बँकेत काय, विमा कंपनीत काय, व्याजदराच्या तारखांचा घोळ हाच असतो.

फक्त एक्सेलवर थांबू नको. परीक्षा संपल्यावर हीच गोष्ट पायथन आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये कर, तीन टेबलं पुरतात, सभासद, नोंदी आणि दरपत्रक, दरपत्रकात 'कधीपासून लागू' असा तारखेचा कॉलम ठेव. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाक पण शेवटच्या दिवशी सगळं एकदम 'फायनल' म्हणून टाकू नको, जसजसं होईल तसं टाकत जा, आम्ही कमिटच्या, म्हणजे प्रत्येक बदल नोंदवल्याच्या, तारखा बघतो बरं का. सभासदांची खरी नावं आणि बँक खाती तिथे अजिबात नकोत, खोटा डेटा बनव. आणि लिंक दिल्यावर ती इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे लॉगिन नसताना, उघडून बघ, कारण बऱ्याच पोरांची रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं फोल्डर) प्रायव्हेटच राहिलेली असते आणि आमच्यासमोर 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतं.

रेझ्युमेतली ओळ काहीशी अशी (अर्थात इंग्रजीत): 'गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी बिलिंग ॲप, फॅट-एसएनएफनुसार दर, तारखेनुसार बदलणारं दरपत्रक, दहा दिवसांचं बिल, केंद्र सध्या हेच वापरतं.' शेवटचे चार शब्द खरे असतील तरच, पण खरे असतील तर तेवढ्यानेच तू पुढे गेलास. लायब्ररीचं प्रोजेक्ट खाली एका ओळीत राहू दे, त्यात तू स्वतः काय केलंस तेवढंच लिही. करिअर ऑब्जेक्टिव्ह काढ, 'आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या प्रगतीला हातभार' हे आजवर कोणी वाचलेलं नाही. स्किल्समध्ये एमएस ऑफिस, विंडोज, इंटरनेट ब्राउझिंग हे पण काढ. पान पूर्ण भरलं नाही तर नाही भरलं.

प्रश्न : पुण्यात खराडीला मॅन्युअल टेस्टर आहे, चार वर्षं झाली. रेझ्युमे चार पानी आहे. एका वेबसाइटवर टाकला तर एटीएस (कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर) स्कोर 42 आला आणि पैसे भरा, 90 करून देतो म्हणतात. मित्र म्हणतो जॉब डिस्क्रिप्शनमधले सगळे शब्द पांढऱ्या रंगात खाली टाकून दे, सॉफ्टवेअर फसतं. काय करू?

पैसे भरू नका. तो स्कोर त्या वेबसाइटने स्वतःच्या मनाने काढलेला असतो, कंपन्यांकडे असा सगळ्यांना मिळून एक स्कोर वगैरे काही नसतो. वर्कडे, ग्रीनहाउस, टॅलिओ ही जी सॉफ्टवेअर आहेत ती मुळात अर्ज साठवायची कपाटं आहेत, तुमच्या फाइलमधला मजकूर काढून रकान्यांत भरतात आणि मग रिक्रूटर त्यात शोधतो. काही ठिकाणी जुळणी दाखवायची सोय असते, पण 'रोबोने रिजेक्ट केलं' असं जे आपण म्हणतो त्यात बऱ्याचदा फॉर्ममधल्या एखाद्या सरळ प्रश्नाचं उत्तर नडलेलं असतं, नोटीस पीरियड किती, रिलोकेट होणार का, असलं काहीतरी. नोकरीडॉटकॉमवर पण तेच, रिक्रूटर रेझडेक्समध्ये (नोकरीचा रेझ्युमेंचा डेटाबेस) अनुभव, शहर, नोटीस पीरियड आणि दोन-तीन कीवर्ड टाकून यादी काढतो, अलीकडे कोण ॲक्टिव्ह होतं ते पण लावतो. प्रोफाइल सहा महिने उघडलंच नसेल तर रेझ्युमे सोन्याचा असून काय उपयोग.

सॉफ्टवेअरला तुमचा रेझ्युमे वाचता येतो का हे बघायला एक फुकटचा उपाय आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमचं ते सुंदर टेम्प्लेट असेल तर डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसलेला दिसेल, आयकॉनच्या जागी चौकोन दिसतील, आणि काही आलंच नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. नाव आणि फोन हेडरमध्ये ठेवू नका, मजकूर काढणारे काही पार्सर हेडर-फूटर सोडून देतात. एक कॉलम, साधा फॉन्ट, बस. आणि ते 'सेलेनियम (टेस्टिंग आपोआप चालवायचं टूल) 80 टक्के' वाले रंगीत पट्टे पण काढा, उरलेले 20 टक्के कुठे गेले हे मी विचारलं तर काय सांगाल?

पांढऱ्या अक्षरांचा उद्योग तर करूच नका. मजकूर काढला की पांढरं-काळं सगळं सारखंच दिसतं, रिक्रूटरला खाली शब्दांचा ढीग दिसतो आणि तुमच्याबद्दल काय मत व्हायचं ते होतं.

आता चार पानांचं. मेलसोबत रेझ्युमे आलाय तो वाचला. प्रत्येक प्रोजेक्टखाली आधी क्लायंट कंपनी किती मोठी आहे त्याचा परिच्छेद आहे आणि मग 'टेस्ट केसेस लिहिणे, एक्झिक्यूट करणे, डिफेक्ट लॉग करणे, डेली कॉलला हजर राहणे' ही यादी सगळ्या प्रोजेक्टांत तश्शीच. ही टेस्टरच्या कामाची व्याख्या झाली, यात तुम्ही कुठे आहात? तिसऱ्या पानावर मात्र एक ओळ दडलीय, कर्जाचं पार्ट पेमेंट केल्यावर पुढचा ईएमआय चुकीचा येत होता तो डिफेक्ट रिलीजच्या आधी सापडला. अहो ही ओळ पहिल्या पानावर वरती हवी! 'लोन मॉड्यूलची रिग्रेशन टेस्टिंग, पार्ट पेमेंटनंतर चुकणारा ईएमआय रिलीजआधी पकडला, त्यानंतर हे केस रिग्रेशन सूटमध्ये कायमचे घेतले.' (रिग्रेशन म्हणजे नवीन बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, ही तपासणी.) जिरामधून (कामं आणि डिफेक्ट नोंदवायचं टूल) दर रिलीजला किती केसेस चालवत होता तो खरा आकडा काढा आणि तोही लिहा, अंदाजे असेल तर साधारण म्हणा. जिथे आकडा नाही तिथे ओढूनताणून '35 टक्के कार्यक्षमता वाढवली' नको, कशाच्या 35 टक्के हे विचारतातच. क्लायंटचं नाव गोपनीय असेल तर 'युरोपातली एक बँक' पुरतं. पोस्टमन या टूलवर एपीआय टेस्टिंग (दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीची तपासणी) रोज करता तर ते वर, सेलेनियमचा नुसता कोर्स झालाय तर तो कोर्स म्हणूनच खाली. दोन पानांत आरामात बसेल.

प्रश्न : ताई, मी नाशिकची. 2019 पर्यंत जावा डेव्हलपर होते, सहा वर्षांचा अनुभव. मग मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण, गॅप पडली ती पडलीच. आता परत सुरू करायचंय. कोणी सांगतं गॅप लपव, कोणी सांगतं फ्रीलान्सिंग केलं म्हणून लिही.

लपवू नका आणि केलं नसेल तर फ्रीलान्सिंगही लिहू नका. साल काढून टाकून नुसती स्किल्सची यादी दिली की वाचणाऱ्याला पहिली शंका तीच येते. अनुभवाच्या वर सरळ एक ओळ, 'कौटुंबिक जबाबदारीसाठी करिअर ब्रेक, 2019 पासून', इतकंच. कारणं, आजारपणं, माफी काही नको. लिंक्डइनवर तर करिअर ब्रेक दाखवायची वेगळी सोयच आहे.

खरं सांगायचं तर मला गॅपपेक्षा दुसरी काळजी असते, ही बाई जावाच्या कुठल्या व्हर्जनवर थांबलीय. तुम्ही सोडलंत तेव्हा बहुतेक टीम जावा 8 वर होत्या, आता 17 आणि 21 चालतं, आणि स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कच्या व्हर्जन 3 ला तर किमान 17 लागतंच. त्यामुळे माझा सल्ला असा की नवीन कोर्सची पाच सर्टिफिकेटं गोळा करण्यापेक्षा तुम्हाला येत होतं तसं एक छोटं स्प्रिंग बूट 2 चं ॲप्लिकेशन घ्या आणि ते 3 वर न्या. 'जावाएक्स'ने सुरू होणारे बरेचसे इम्पोर्ट 'जकार्ता' करावे लागतील, सिक्युरिटीचं कॉन्फिगरेशन तुटेल, एखादी जुनी लायब्ररी चालणारच नाही. काय तुटलं आणि कसं जोडलं ते रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) लिहून ठेवा. कितीतरी कंपन्यांमध्ये आत्ता हेच काम चालू आहे, त्यामुळे समोरचा माणूस त्या ओळीवर थांबणारच. जुन्या सहा वर्षांपैकी शेवटच्या दोन नोकऱ्या सविस्तर लिहा, आधीचं दोन ओळींत. ब्रेकनंतर परतणाऱ्या बायकांसाठी खास प्रोग्रॅमही असतात, टाटांनी तर 2008 मध्येच सेकंड करिअर इंटर्नशिप सुरू केली होती, कंपन्यांच्या करिअर पेजवर 'रिटर्नशिप' शोधून बघा.

प्रश्न : 2023 ला इंजिनिअरिंग झालं, अजून जॉब नाही. पुण्यातल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलं की तीन वर्षांचा एक्स्पीरियन्स लावून देतो, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं मिळेल. रूममधल्या दोघांनी केलं आणि लागले पण. घरचे थांबायला तयार नाहीत.

नको. ही नैतिकतेची शिकवणी नाही, रेकॉर्ड कसं चालतं ते सांगते. 2014 पासून पीएफला यूएएन हा कायमचा नंबर आहे, एक माणूस एक नंबर, आणि ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) सर्व्हिस हिस्ट्रीत कुठल्या कंपनीत कधी लागला आणि कधी सोडलं ते दिसतं. आयकर खात्याच्या नोंदीत (फॉर्म 26एएस) टीडीएस कोणी कापला ते दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले हेच मागतात, आणि ज्या कंपन्या फक्त लेटर वाटायला उघडल्यात त्यांची नावं कळली की त्या नावावर आधी लागलेल्यांच्या फायली पण परत उघडतात, म्हणजे जॉइन होऊन वर्ष झालं तरी सुटका नाही. तुझ्या रूममधले दोघं 'लागले' एवढंच तुला दिसतंय.

आणि समजा कागद पचले तरी इंटरव्ह्यूत मी विचारते, प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात तिथे, गेलेलं तुमचं काहीतरी बंद पडलं असेल, तेव्हा काय केलंत? तीन वर्षं काम केलेल्याकडे अशा दोन-चार रात्री असतात. त्याचं लेटर छापून मिळत नाही. फ्रेशर म्हणूनच अर्ज कर, टेस्टिंग आणि सपोर्टच्या जागा पण बघ, 2023 नंतर काय शिकलास ते खरं लिही. सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा ॲडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा पीजी कोर्स झेपत असेल तर त्याची प्रवेश परीक्षा दे, फी आहे पण निदान सर्टिफिकेट तरी खरं मिळतं.

प्रश्न : आमच्या चिरंजीवांनी रेझ्युमेतून जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, धर्म, छंद आणि खालचं प्रतिज्ञापत्र सगळं काढून टाकलंय. आम्ही बँकेत 32 वर्षं काढली, असा अर्ज कधी पाहिला नाही. हे बरोबर आहे का? (एक पालक, कोल्हापूर)

काका, चिरंजीव अगदी बरोबर आहेत. कोडिंग येतं की नाही ते धर्मावरून किंवा लग्न झालंय की नाही यावरून कळत नाही, आणि अमेरिका-इंग्लंडकडच्या कंपन्यांना अर्ज करणार असेल तर फोटो, वय असलं काही पाठवूच नये, तिकडे ते चालत नाही. पूर्ण पत्ता पण नको, शहर पुरे. प्रतिज्ञापत्राच्या दोन ओळी गेल्या म्हणून कोणी नाकारत नाही. सरकारी किंवा बँकेच्या भरतीत मात्र ते जसा फॉर्म देतात तसाच भरायचा, तिथे त्याची हुशारी चालणार नाही.

फक्त त्याला फाइलचं नाव बदलायला सांगा. तुम्ही पाठवलेल्या फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू 3' आहे, आणि अशा नावाच्या फायली आमच्याकडे रोज येतात. स्वतःचं नाव आणि जावा की टेस्टिंग की जे काही असेल ते लिहू दे.